रॅट आणि माइसमध्ये गुंगीच्या औषधांचं अवलंबित्व कसं अभ्यासावं

गुंगी आणणाऱ्या औषधाचं अवलंबित्व औषध चालू असताना दिसत नाही. रॅट खातो-पितो, वजन वाढवतो, पिंजऱ्यात निवांत पडून असतो. औषध मेंदूतून झपाट्याने उतरलं की मग शेपूट ताठ होते, केस उभे राहतात, हात लावताच प्राणी किंचाळतो, कधी झटके येतात. म्हणजे मोजायचं असतं ते औषध उतरण्याच्या काळात. म्हणून औषध शरीरात किती वेळ टिकतं आणि किती वेगाने जातं, यावर हा सगळा प्रयोग उभा असतो. हा हिशेब आधी पक्का केला नाही, तर तीन आठवडे डोस देऊनही हाती काही लागत नाही आणि प्राणी फुकट जातात.

फार्माकॉलॉजीत एम.फार्म., एम.डी. किंवा पीएच.डी.चं काम मुंबईतल्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

माणसाचा हिशेब रॅटला चालत नाही

डायझेपामचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, माणसात साधारण २० ते ५० तास असतं. त्यापासून बनणारं नॉरडायझेपाम त्याहूनही जास्त टिकतं. त्यामुळे गोळी बंद केल्यावर माणसाला त्रास सुरू व्हायला काही दिवस लागतात. रॅटचं यकृत हेच औषध तासाभराच्या आसपास निम्म्यावर आणतं. दिवसातून एकदा डोस दिला तर रॅटच्या मेंदूला जेमतेम काही तास औषध मिळतं आणि उरलेला दिवस तो औषधाविना काढतो. बहुतेक फसलेल्या प्रयोगांचं मूळ इथेच असतं. प्रबंधात ‘२१ दिवस डायझेपाम दिलं’ असं लिहिलेलं असतं, पण मेंदूने पाहिलेलं औषध त्याच्या चौथाईएवढंही नसतं.

अवलंबित्व तयार व्हायला औषध सलग लागतं, याचं कारण रिसेप्टरमध्ये आहे. बेन्झोडायझेपाइन (डायझेपाम ज्या गटातलं) आणि बार्बिट्युरेट (बार्बिटाल, फिनोबार्बिटाल) दोन्ही मेंदूला शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात आणि क्लोराइडचा प्रवाह वाढवतात. हा दाब दिवसेंदिवस टिकला की गाबाचा रिसेप्टर औषधाला कमी दाद देऊ लागतो आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटची बाजू, म्हणजे एन.एम.डी.ए. व एम्पा रिसेप्टर, जोर धरते. औषध अचानक काढलं की ग्लुटामेटचं पारडं जड झालेलं उघड दिसतं. औषध हळूहळू उतरलं तर मेंदू तेवढ्यात सावरतो आणि काहीच दिसत नाही.

यातून दोन रस्ते निघतात. पहिला: डायझेपाम दिवसातून तीनदा द्यायचं आणि शेवटी फ्लुमाझेनिलने ते रिसेप्टरवरून एका झटक्यात हटवायचं. दुसरा: बार्बिटालसारखं शरीरात फारसं न मोडणारं औषध पिण्याच्या पाण्यातून द्यायचं आणि बाटली काढल्यावर आपसूक येणारी लक्षणं पाहायची. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने पहिला रस्ता धरावा. प्राण्याचा त्रास अर्ध्या-एक तासात संपतो आणि लक्षणं कधी येणार ते आधी माहीत असतं.

कागदपत्रं आधी, औषध नंतर

प्रयोगाचा प्रस्ताव फॉर्म बी मध्ये संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जातो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम त्यामागे आहेत. ज्या केंद्रीय समितीला सगळे अजून सी.पी.सी.एस.ई.ए. म्हणतात, तिचं आताचं नाव सी.सी.एस.ई.ए. आहे. प्रस्तावात तीव्र त्रासाचा टप्पा कुठला, तो किती वेळ चालेल आणि कुठल्या क्षणी प्राण्याला प्रयोगातून काढणार, हे आकड्यांत लिहा. ‘योग्य काळजी घेतली जाईल’ एवढ्यावर समितीचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. पुढचे निकष वापरता येतील: सुरुवातीच्या वजनात २० टक्के घट, ५ मिनिटांपेक्षा लांबलेला झटका, किंवा एकामागून एक येणारे आणि मध्ये शुद्ध न येणारे झटके. लांबलेला झटका थांबवायला डायझेपाम ५ ते १० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. पोटात टोचण्यासाठी सिरिंजमध्ये भरून तयार ठेवा.

डायझेपाम, फिनोबार्बिटाल, बार्बिटाल ही सगळी एन.डी.पी.एस. (अमली पदार्थांचा) कायदा १९८५ खाली येतात. खरेदीची कागदपत्रं, कुलूपबंद कपाट आणि मिलिग्रॅमपर्यंत ताळा बसणारी नोंदवही संस्थेच्या नावाने लागते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडून काही लागत असेल तर संस्थेच्या स्टोअर विभागाला आधीच विचारा. पावडर हातात येईपर्यंत प्राणी मागवू नका. रॅट वाढत राहतात, आणि २०० ग्रॅमचे मागवलेले ४०० ग्रॅमचे झाले की सगळा हिशेब बदलतो.

डायझेपाम आणि फ्लुमाझेनिल

२२० ते २५० ग्रॅमचे विस्टार रॅट घ्या. आल्यावर किमान ७ दिवस जागेची सवय होऊ द्या, आणि शेवटचे ३ दिवस रोज हाताळा. हाताळणीची सवय नसलेला रॅट उचलल्यावर किंचाळतोच, मग ते किंचाळणं औषध तुटल्याचं की भीतीचं, हे कळत नाही.

डोस: ५ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. तोंडावाटे, दर ८ तासांनी, २१ दिवस. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० या वेळा मुंबईत जमतात, कारण रात्री १० चा डोस आटोपून माणूस शेवटच्या लोकलच्या बराच आधी स्टेशनवर पोहोचतो. पाळ्या तीन माणसांत वाटा आणि डोस दिल्याची सही त्याच क्षणी घ्या. रविवारचा एक डोस चुकला तर त्या आठवड्यात बांधलेलं बरंच सैल होतं.

सस्पेन्शन १ मि.ग्रॅ./मि.ली. ठेवा आणि ५ मि.ली./कि.ग्रॅ. द्या. २५० ग्रॅमच्या रॅटला १.२५ मि.ली. बसतात. दहा रॅटना एका दिवसाला ३७.५ मि.ली. लागतात, म्हणून ४५ मि.ली. करा. प्राणी वाढणार आणि थोडं वाया जाणार हे धरून एका गटाला २१ दिवसांसाठी साधारण १.२ ग्रॅम पावडर लागते.

आधी ०.५ टक्के सोडियम सी.एम.सी. (औषध तरंगत ठेवणारं दाट द्रव) करून ठेवा: कोमट पाणी ढवळत राहून त्यावर पावडर चिमटीने भुरभुरवा आणि रात्रभर फुगू द्या. एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. डायझेपाम खलात ट्वीन ८० च्या दोन-तीन थेंबांबरोबर घोटा. पेस्ट गुळगुळीत झाली की सी.एम.सी. थोडं थोडं घालत माप पूर्ण करा. तपकिरी काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, जास्तीत जास्त ४८ तास ठेवा. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसतं. प्रत्येक सिरिंज भरण्याआधी बाटली हलवली नाही तर पहिल्या रॅटला पाणी आणि शेवटच्याला दुप्पट डोस जातो. पी.व्ही.सी.च्या नळ्या टाळा, कारण डायझेपाम त्यांना चिकटतं. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा.

दवाखान्यातली इंजेक्शनं वापरण्याचा मोह टाळा. डायझेपामच्या अँप्यूलमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल असतं. रोज तीनदा पोटात टोचलं तर पोटाच्या पडद्याला जळजळ होते, आणि अल्कोहोल त्याच गाबा-ए रिसेप्टरवर आपलंही काम करतं. फ्लुमाझेनिलची अडचण वेगळी आहे. अँप्यूलमध्ये ते ०.१ मि.ग्रॅ./मि.ली. असतं. ३०० ग्रॅमच्या रॅटला १५ मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. म्हणजे ४.५ मि.ग्रॅ. द्यायचं तर ४५ मि.ली. टोचावे लागतील. पावडरच विकत घ्या आणि ३ मि.ग्रॅ./मि.ली.चं सस्पेन्शन त्याच पद्धतीने करा.

गॅव्हाजसाठी (तोंडातून थेट पोटात औषध सोडण्यासाठी) गोल टोकाची १८ गेजची सुई वापरा. सुई डाव्या बाजूने स्वतःच्या वजनाने आत गेली पाहिजे. जोर लावावा लागला तर बाहेर काढा. नाकातून फेस आला तर औषध फुफ्फुसात गेलं आहे. २१ दिवसांत ६३ वेळा सुई म्हणजे हाही एक ताण आहे. रॅटला गोड कंडेन्स्ड मिल्कची सवय लावली तर औषध त्यात कालवून सिरिंजच्या टोकावरून तो आपणहून चाटतो. दिलेलं सगळं पोटात गेलं हे मात्र प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावं लागतं. ही पद्धत जिथे जमेल तिथे सुईपेक्षा नक्कीच चांगली.

गट चार हवेत (वाहक द्रव म्हणजे औषध न घातलेलं तेच द्रव): वाहक द्रव आणि मग वाहक द्रव, वाहक द्रव आणि मग फ्लुमाझेनिल, डायझेपाम आणि मग वाहक द्रव, डायझेपाम आणि मग फ्लुमाझेनिल. दर गटात ८ ते १०. दुसरा गट वगळून प्राणी वाचवायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. तो वगळला तर फ्लुमाझेनिल स्वतः काय करतं हे कधीच कळत नाही, आणि मग उरलेल्या गटांतले प्राणी वाया जातात.

अवलंबित्वाआधी सहनशीलता आली का, हे रोटारॉडवर (फिरत्या दांड्यावर) पाहा. पहिला, सातवा, चौदावा आणि एकविसावा दिवस पुरतो. पहिल्या दिवशी डोसनंतर अर्ध्या तासात घसरणारा रॅट दुसऱ्या आठवड्यात त्याच डोसवर तग धरू लागला, तर मेंदू बदलतो आहे. तसं झालं नाही तर पुढे जाण्याआधी डोसच्या वेळा आणि सस्पेन्शन तपासा.

बाविसाव्या दिवशी सकाळचा डोस द्या, आणि औषध अजून रिसेप्टरवर असताना, म्हणजे एक-दोन तासांत, फ्लुमाझेनिल पोटात टोचा. लक्षणं दोन-पाच मिनिटांत सुरू होतात. रॅटमध्ये फ्लुमाझेनिलही फार टिकत नाही, म्हणून पहिली ३० मिनिटं महत्त्वाची. दोन रॅट एकदम घेऊ नका. एकाकडे पाहताना दुसऱ्याची पहिली थरथर निसटते.

बार्बिटालचा रस्ता

बार्बिटाल बहुतांशी जसंच्या तसं लघवीतून जातं. फिनोबार्बिटाल मात्र यकृतातली एन्झाइम वाढवून स्वतःलाच लवकर मोडायला लावतं. दोन आठवड्यांनी त्याच डोसवर रॅट कमी गुंगला, तर मेंदू निबर झाला की रक्तातली पातळीच उतरली, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. फिनोबार्बिटाल वापरायचंच असेल तर शेपटीच्या शिरेतून १०० ते २०० मायक्रोलिटर रक्त घेऊन पातळी बघावी लागते. बार्बिटालमध्ये ही कटकट कमी.

रॅट दिवसाला १०० ग्रॅम वजनामागे साधारण १० मि.ली. पाणी पितो. म्हणून १ मि.ग्रॅ./मि.ली. बार्बिटाल सोडियम म्हणजे अंदाजे १०० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. रोज. इथून सुरुवात करा आणि दर ५ ते ७ दिवसांनी १ मि.ग्रॅ./मि.ली.ने वाढवत ४ पर्यंत न्या. एकूण ४ ते ५ आठवडे लागतात. चाल बघून वाढवा: किंचित डुलणं चालेल, पण उलटा ठेवल्यावर सरळ होता येत नसेल तर त्या दिवशी साधं पाणी आणि अंगाखाली ऊब द्या. गुंगीत पडलेला रॅट थंड पडतो आणि त्यातच जातो.

द्रावण कडू असतं. पहिले दोन दिवस पिणं घटतं, मग बहुतेक जण सरावतात. बाटल्या रोज वजन करून लावा. प्रत्येक रांगेत एक बाटली रिकाम्या पिंजऱ्याला लावून ठेवा. तिच्यातून जितकं गळलं तितकं सगळ्यांच्या आकड्यातून वजा करा. नळीतून टिपकणाऱ्या एका बाटलीमुळे एखादा रॅट ६०० मि.ग्रॅ. पितो आहे असं वाटू लागतं.

औषध थांबवायच्या दिवशी सकाळी ९ वाजता बाटली बदलून साधं पाणी लावा. सर्वात जोराची लक्षणं साधारण २४ ते ७२ तासांत येतात. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री तिथे माणूस हवा. हे जमणार नसेल तर हा रस्ता धरू नका. रात्री कोणी नसताना झटक्याने मेलेला रॅट ‘विथड्रॉवलमुळे मृत्यू’, म्हणजे औषध तुटल्याने मृत्यू, म्हणून तक्त्यात जातो. तो प्रत्यक्षात वाचवता आला असता.

काय पाहायचं, कसं मोजायचं

पारदर्शक भांड्यात १० मिनिटं नुसतं पाहा, मग स्पर्श करा, मग उचला. हा क्रम बदलू नका, कारण उचललेला रॅट त्यानंतर शांत बसत नाही. अंग झटकणं (ओला कुत्रा झटकतो तसं), दात वाजवणं आणि स्नायूंचे झटके यांचे आकडे मोजा. उभे केस, ताठ शेपूट, कमानदार पाठ आणि थरथर यांना ०, १, २ असे गुण द्या. मग पेन्सिलीने पाठीवर हलकेच स्पर्श करून दचकणं बघा, आणि शेवटी उचलून किंचाळणं व अंगाचा ताठरपणा. दोन निरीक्षक हवेत आणि दोघांनाही गट माहीत नको. बाटल्यांवर रंगाचे ठिपके तिसऱ्या माणसाने लावावेत.

वजन हे सर्वात प्रामाणिक माप आहे, पण एका अटीवर. बेन्झोडायझेपाइनमुळे रॅट जास्त खातात. औषध थांबल्यावर खाणं मूळ पातळीवर आलं तरी वजन उतरतं. म्हणून रोजचं खाणं सुरुवातीपासून मोजा आणि वाहक द्रव दिलेल्या गटाच्या खाली ते गेलं का, ते पाहा.

भीती मोजायला उंचावरचा अधिक-आकाराचा मेझ वापरा: भुजा ५० × १० सें.मी., बंद भुजांच्या भिंती ४० सें.मी., जमिनीपासून उंची ५० सें.मी., वेळ ५ मिनिटं. उघड्या भुजेतला वेळ आणि बंद भुजांतल्या फेऱ्या दोन्ही नोंदवा. फेऱ्याच कमी झाल्या असतील तर रॅट घाबरलेला नसून लुळा पडला असेल. एका रॅटला एकदाच मेझवर ठेवा. दुसऱ्या वेळी बेन्झोडायझेपाइनचा परिणामच दिसेनासा होतो. उजेड आधी नेहमीच्या रॅटवर ठरवा. ते उघड्या भुजेत ५ टक्केच वेळ घालवत असतील तर त्याहून खाली जायला जागाच उरत नाही, म्हणून उजेड मंद करा.

माइससाठी शेपटीने उचलून पाहण्याची पद्धत सोपी आणि संवेदनशील आहे. दोन सेकंद उचला. काही झालं नाही तर हलकेच अर्धा वळसा द्या. वळशानंतर नुसता चेहरा आक्रसला तर १, वळशानंतर अंग ताठ झालं तर २, ताठ होऊन झटकेही आले तर ३, वळशाविना नुसतं उचलल्यावर ताठ झालं तर ४. त्यापुढचे गुण देण्याची वेळ येऊ नये. ४ वर थांबा.

झटक्याचा उंबरठा मोजायचा असेल तर शेपटीच्या शिरेतून पेंटिलीनटेट्राझोल हे झटके आणणारं औषध पंपाने सोडतात. ५ मि.ग्रॅ./मि.ली. द्रावण ०.५ मि.ली./मिनिट वेगाने २४ सेकंद गेलं तर ०.२ मि.ली., म्हणजे १ मि.ग्रॅ. गेलं, २५ ग्रॅमच्या माउसला ते ४० मि.ग्रॅ./कि.ग्रॅ. झालं. पहिला स्पष्ट झटका दिसताच पंप बंद करा. ताठ होऊन मरेपर्यंत सोडण्याची जुनी रीत आहे, तिने आकड्यात काहीही भर पडत नाही.

पाऊस, ढोल आणि फटाके

तापमान २२ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत ठेवायची असते. जुलैत मुंबईच्या बाहेरच्या हवेत ती ९० च्या घरात जाते. ए.सी. थंड करतो पण दमटपणा पुरेसा काढत नाही, म्हणून डीह्युमिडिफायर वेगळा लागतो. खाद्यात औषध मिसळत असाल तर पावसाळ्यात ते तीन-चार दिवसांपुरतंच करा. बुरशी लागलेलं खाद्य रॅट टाकतो आणि डोस हुकतो. तळाचा भुसा दोन दिवसांनी बदला.

आवाजाचं मात्र खरंच गांभीर्याने घ्या. औषध तुटलेल्या रॅटला चाव्यांचा जुडगा वाजला तरी झटका येऊ शकतो. परळ, लालबाग, दादर भागात अ‍ॅनिमल हाऊस असेल तर गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा मोजणीच्या टप्प्यात येऊ देऊ नका. शेवटच्या दिवसापासून मागे मोजून डोसची सुरुवात ठरवा. शेजारी टॉवरचं पायलिंग चालू असेल तर सकाळच्या वेळा विचारून घ्या. आपल्याला न ऐकू येणारे आवाजही रॅटला ऐकू येतात, म्हणून घूं-घूं करणारे जुने ट्यूबलाइटचे चोक आधी बदला.

माद्या वापरत असाल तर रोज योनीचा स्मिअर घ्या. चक्राबरोबर प्रोजेस्टेरॉन उतरतं, त्याबरोबर गाबा-ए वर काम करणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनही उतरतं, आणि ते एक छोटं विथड्रॉवलच असतं.

आकडे मांडताना

डायझेपाम दिलं की नाही आणि फ्लुमाझेनिल दिलं की नाही, असे दोन घटक घेऊन द्विमार्गी अनोव्हा करा. अवलंबित्वाचा पुरावा म्हणजे या दोघांची आंतरक्रिया. चौथा गट पहिल्यापेक्षा वेगळा निघाला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ०-१-२ गुणांना अनोव्हा लावू नका, मान-व्हिटनी किंवा क्रस्कल-वॉलिस लावा. बार्बिटाल एका बाटलीतून तीन रॅट पीत असतील तर तुमचा ‘एक’ म्हणजे पिंजरा, रॅट नव्हे. पाच पिंजऱ्यांत पंधरा रॅट असतील तर नमुना पाचाचाच धरा. हे आधी लक्षात घेतलं की पिंजरे किती लागतील ते फॉर्म बी भरतानाच कळतं.

आपसूक विथड्रॉवलच्या गटात निकष ओलांडणाऱ्या प्रत्येक रॅटला लगेच पुन्हा बार्बिटाल किंवा डायझेपाम द्या आणि लक्षणं किती मिनिटांत विरली ते नोंदवा. बार्बिटालने विरली तर ती औषध तुटल्याची होती याला बळ मिळतं. प्राण्याचा त्रास थांबतो आणि निष्कर्षालाही आधार मिळतो.

शेवटी प्राण्यांना मृत्यू द्यायचा असेल तर कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडा, मिनिटाला कक्षाच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के. आधीच भरलेल्या डब्यात टाकू नका. मेंदूतले रिसेप्टर मोजायचे असतील तर पेंटोबार्बिटाल वापरू नका. ज्या रिसेप्टरवर तीन आठवडे काम केलं त्यावरच ते जाऊन बसतं. देह पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या नोंदीसह. उरलेली पावडर वजन करून नोंदवहीत लिहा आणि त्याच दिवशी कपाटाला कुलूप लावा.